भेसळ मोजणारा मीटर

मित्रांनो, गाणं कितीही गोड असलं तरी त्यातला गोडवा मला सांगता येत नाही. त्यात काय मिसळलं आहे, तेवढंच मी सांगू शकतो. मी एक जुना डिस्टॉर्शन मीटर आहे. राखी रंगाची पत्र्याची पेटी, पुढे काचेआड एक काटा, त्याखाली फिरवायची बटणं आणि डाव्या कोपऱ्यावर एक पोचा, असं माझं रूप. म्हैसूरला कुवेंपुनगरात जयवंतीबाईंच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. पाहुणे मला जुना रेडिओ समजतात आणि ‘लागतो का अजून?’ असं विचारतात.

आधी माझं काम समजावून सांगतो, कारण पुढे जे घडलं ते त्याशिवाय कळायचं नाही. ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र. देवळात असतं, लग्नाच्या हॉलमध्ये असतं, तुमच्या शाळेतही असतं. त्याने बारीक आवाज घ्यावा आणि तोच मोठा करून द्यावा, एवढीच अपेक्षा. पण पदरचं काहीच न घालणारा ॲम्प्लिफायर आजवर कुणी बनवलेला नाही. कुणी बोलत-गात नसतानाही त्यातून बारीक खरखर येते, विजेची घरघर येते. तिला नॉइज म्हणतात. आणि गाणं सुरू झालं की त्याची दुसरी खोड दिसते. तुम्ही त्याला एकच शुद्ध स्वर दिलात, तरी तो त्याच्याबरोबर दुप्पट उंचीचा, तिप्पट उंचीचा असे आणखी स्वर गुपचूप जोडून देतो. ते मुळात नसतातच. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. मी त्याला सरळ भेसळ म्हणतो.

ती मी कशी मोजतो? तुमच्या घरी पीठ चाळताना पीठ ठेवतात आणि कोंडा बाजूला काढतात. माझं उलटं. मूळ स्वर मी पूर्ण गाळून टाकतो आणि मागे जो कोंडा राहतो तो मोजतो. मुळाच्या मानाने तो शेकडा किती, ते माझा काटा दाखवतो.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझा एकेक सांधा हाताने डाख देऊन जोडला. तिथून मी म्हैसूरच्या एका ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीत आलो. काही वर्षांनी नाशिकहून लग्न होऊन आलेली एक नवी इंजिनिअर तिथल्या तपासणी विभागात लागली. त्याच जयवंतीबाई. तेव्हा त्यांना कन्नड येत नव्हतं, आणि मला कुठलीच भाषा बोलता येत नव्हती. आमचं चांगलं जमलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. नवा ॲम्प्लिफायर टेबलावर आला की त्या त्याचं तोंड बंद करत, म्हणजे आत काहीच जाऊ देत नसत. ‘गप्प बसायला सांगितल्यावर किती गप्प बसतो, ते आधी बघू,’ असं म्हणत. मग स्वर देत. खालचे, मधले, वरचे. हळू आवाजात, मग मोठ्या आवाजात. एका मापावर त्यांचं कधी भागलं नाही.

यावरून मालकांशी त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. खोक्यावर छापायला मालकांना एकच छोटा आकडा हवा होता. मधला स्वर, बेताचा आवाज, आणि आलेला आकडा छापून मोकळं व्हायचं.

जयवंतीबाई म्हणाल्या, “साहेब, आकडा खरा आहे. पण तो कोणत्या स्वराचा, किती आवाजाचा, ते नको का सांगायला? खालच्या स्वराला हाच ॲम्प्लिफायर दहापट भेसळ करतोय.”

मालक म्हणाले, “ते कोण विचारतं?”

बाईंनी सही केली नाही. तो माल परत गेला आणि दुरुस्त होऊन आला. नंतर पाहुणे आले की मालकच मला दाखवून म्हणत, “आमच्याकडे सगळं मोजून जातं.” त्या दिवसांत माझी काच रोज पुसली जायची.

मग कॉम्प्युटरवर चालणारं नवं यंत्र आलं. ते एका दमात सगळे स्वर मोजायचं आणि पडद्यावर रंगीत आलेख काढायचं. मी कपाटात गेलो. पुढे कंपनीच बंद पडली. सामान विकायला निघालं तेव्हा जयवंतीबाईंनी मला मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणलं. इतक्या प्रेमाने आणलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. मी माळ्यावर चढलो. माझ्या डोक्यावर स्टीलचे जुने डबे आले. पावसाळ्यात ओल शिरायची, उन्हाळ्यात धूळ. कितीतरी वर्षं माझं बटण कुणी दाबलं नाही. काटा एका जागी पडून राहिला.

मला खाली आणलं ते रंगरावांमुळे.

रंगराव लष्कर मोहल्ल्यातले शिंपी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून म्हैसूरचं, घरी बोली मराठी, पण निम्मी कन्नडात भिजलेली. जयवंतीबाईंची पोलकी ते शिवायचे. आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला मिळतात म्हणून बाई दूर असूनही त्यांच्याच दुकानी जायच्या. रंगरावांची दुसरी ओळख म्हणजे त्यांचा आवाज. जाड, खर्जातला, जमिनीतून आल्यासारखा. विठ्ठलाच्या देवळात ते अभंग म्हणायला उभे राहिले की गल्लीच्या टोकाला माणसं थांबायची.

त्या देवळाचा ॲम्प्लिफायर घरघर करू लागला. एका रविवारी सकाळी रंगराव तो घेऊन बाईंकडे आले. बरोबर त्यांची बायको कावेरी आणि मुलगी सुप्रीता. सुप्रीता चौथीत होती. तिच्या उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. रंगरावांनी तिला उचलून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि एक शब्दही न बोलता ते बाजूला झाले.

बाईंनी मला माळ्यावरून काढून पुसलं होतं. त्या दिवशी पुष्कळ काळाने माझा काटा हलला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण खोलीत आनंद नव्हता.

“अगं, पायाला काय झालं?” बाईंनी विचारलं.

सुप्रीता आईकडे बघू लागली. रंगरावच बोलले, “काय सांगू, बाई. टेम्पो मागे येत होता, रिव्हर्स. इंजिन एवढं धडधडतंय, सगळी गल्ली ऐकते. मी दुकानातून हाक मारतोय, ‘सुप्रीता, सरक! सरक!’ ही आपली चालली पुढे, राणीसारखी. बिलकुल मागे बघितली नाही.”

“ऐकू गेलं नसेल.”

“अय्यो, ते पण झालं. गेल्या वर्षीच कान तपासून आणलं ना हिचं! यंत्र सांगितलं, कान बरोबर आहे म्हणून. आईनं स्वयंपाकघरातून बारीक हाक मारली तर येते. मोबाईल टिंग केला की धावते. माझीच हाक तेवढी ऐकत नाही. हठमारी आहे, नोडी, बघा तुम्हीच. हट्ट, अष्टे, एवढंच.”

कावेरी खाली मान घालून म्हणाली, “शाळेतले सर पण तेच म्हणतात, अक्का. लक्ष देत नाही म्हणून.”

“प्लास्टर निघालं की एच. डी. कोट्याला पाठवणार,” रंगराव म्हणाले. “माझी बहीण आहे तिथं. कडक आहे. शिस्त लागेल. माझ्यानं होत नाही आता.”

हे सगळं मुलीच्या समोर चाललं होतं. ती पेनाने आपल्या प्लास्टरवर एक मासा काढत होती. वडील काय बोलत आहेत याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. रंगरावांना तो उद्धटपणा वाटत होता. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

बाई कामाला लागल्या. आधी ॲम्प्लिफायरचं तोंड बंद करून त्यांनी घरघर मोजली. अर्थिंगची तार सैल होती. ती आवळली आणि घरघर गेली. “आता स्वर देऊन बघू,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी खालचा स्वर लावला. स्पीकरमधून जाड, एकसारखा आवाज यायला लागला. त्यांनी तो वाढवला. खिडकीची काच थरथरली. कावेरीने पदर कानावर घेतला. रंगराव दोन पावलं मागे सरले.

स्पीकर सुप्रीताच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होता. ती माशाला खवले काढत होती.

बाईंनी आवाज आणखी थोडा वाढवला. देवळाचा ॲम्प्लिफायर दमला, भेसळ करू लागला. माझा काटा इतका वेळ शांत होता, तो उसळून वर गेला. आणि त्याच क्षणी सुप्रीताने मान वर केली.

“काहीतरी वाजतंय,” ती म्हणाली.

बाईंचा हात बटणावरच थांबला. त्यांनी आवाज किंचित कमी केला. माझा काटा खाली आला.

“बंद झालं,” सुप्रीता म्हणाली.

बंद झालं नव्हतं, मित्रांनो. काच अजून थरथरत होती. कावेरीचा पदर अजून कानावर होता. बाईंनी पुन्हा वाढवला, काटा वर गेला, पोरीने मान वर केली. पुन्हा कमी केला, काटा खाली, आणि पोरगी पुन्हा माशात रमली. मग बाईंनी देवळाचा ॲम्प्लिफायर काढून आपला घरचा, चांगल्यातला जोडला. तोच स्वर, तेवढाच मोठा, पण भेसळ नावालाच. सुप्रीता बसून राहिली. जणू खोलीत काही वाजतच नव्हतं. शेवटी बाईंनी अगदी उंच स्वर लावला, इतका बारीक की रंगरावांना तो कळलाच नाही. सुप्रीता हसून म्हणाली, “शिट्टी.”

बाईंनी सगळं बंद केलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“रंगराव,” त्या म्हणाल्या, “हिला जाड आवाज ऐकूच येत नाही. वरचे ऐकू येतात, खालचे नाहीत. टेम्पोचं इंजिन जाड, तुमची हाक जाड. हिने दुर्लक्ष केलं नाही. हिच्यापर्यंत काही पोचलंच नाही.”

“मग यंत्र खोटं सांगितलं?” रंगरावांचा आवाज चढला. “दवाखान्यातलं एवढं मोठं यंत्र खोटं, आणि माळ्यावरचा हा डबा खरा?”

“त्या यंत्रातही एक ॲम्प्लिफायर असतो. तो भेसळ करत असेल, तर ते जाड स्वर लावतात तेव्हा हिला त्यातली वरच्या स्वरांची भेसळ ऐकू येते. ऐकू आलं म्हणून ही हात वर करते. ते लिहितात, जाड स्वर ऐकू आला.”

“बाई, तुम्ही शिकलेल्या. पण लेकराला उगीच बहिरी म्हणू नका.” त्यांनी मुलीला उचललं. ॲम्प्लिफायर तिथेच राहिला. कावेरी दारात क्षणभर रेंगाळली आणि हळूच म्हणाली, “अक्का, तुम्ही बघा. मी ह्यांना थांबवते. कोट्याला पाठवून देऊ नको म्हणते. पण लवकर बघा.”

दुसऱ्या दिवशी बाई, सुप्रीताचे कान जिथे तपासले होते, त्या केंद्रात गेल्या. ते लहानसं खाजगी केंद्र प्रणेश नावाचा एक तरुण चालवत होता. शिकलेला होता, मुलांशी गोड बोलणारा होता. बाईंनी सगळं सांगितल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. बाईंनी तो घरी येऊन मला मोठ्याने वाचून दाखवल्यासारखा सांगितला: “मॅडम, तुमचा मीटर शेवटचा कधी तपासलाय?”

प्रश्न रास्त होता. मला तपासून कितीतरी वर्षं झाली होती. बाईंनी कंपनीतले आपले जुने सहकारी कृष्णमूर्ती यांना बोलावलं. त्यांच्याकडे एक खात्रीचा शुद्ध स्वर देणारं यंत्र होतं. त्यांनी तो स्वर मला दिला. त्यात भेसळ जवळजवळ नव्हतीच. मी मात्र शेकडा चार दाखवली.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. शुद्ध स्वराला मी भेसळ म्हणत होतो. ओल, धूळ आणि आतले वीज साठवणारे, पण आता कोरडे पडलेले कपॅसिटर यांनी माझी चाळणी बिघडवली होती. मूळ स्वर पूर्ण गळत नव्हता, थोडा मागे राहायचा आणि मी तो भेसळ म्हणून मोजायचो.

कृष्णमूर्ती म्हणाले, “जयवंती, आता हा भंगारात जाऊ दे.”

“देवळाच्या ॲम्प्लिफायरला काटा उसळला तेव्हा पोरीने मान वर केली, सर. ती काट्याकडे बघत नव्हती. तिला कुणी शिकवलं होतं?”

कृष्णमूर्तींनी खुर्ची ओढून घेतली आणि माझं झाकण उघडलं. दोघांनी मिळून माझे कपॅसिटर बदलले, बटणांखालची बुरशी काढली, चाळणी नव्याने जुळवली. एक सुटा भाग म्हैसुरात मिळेना, तो बेंगळुरूहून मागवला. तो यायला वेळ लागला. इकडे सुप्रीताचं प्लास्टर निघालं. कावेरीचा फोन आला तेव्हा मी टेबलावर उघडाच पडलो होतो. फोन स्पीकरवर होता. “अक्का, कपडे भरलेत हिचे. बस परवाची. ती विचारते, अप्पा माझ्याशी का बोलत नाहीत? मी काय सांगू? ते बोलतात, हिला कळत नाही. आता तर तेही बोलणं सोडलेत.”

बाई म्हणाल्या, “परवाच्या आत करते.”

सुटा भाग दुसऱ्याच दिवशी आला. कृष्णमूर्तींनी तो बसवला, पुन्हा शुद्ध स्वर दिला, आणि या वेळी माझा काटा शून्याजवळ गप्प पडून राहिला. बाईंनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली.

दुपारी केंद्रात कुणी नव्हतं. प्रणेशने मन मोठं करून यंत्र उघडू दिलं. तो कन्नडात बोलायचा, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“रोज सकाळी मी स्वतः हेडफोन लावून ऐकतो, मॅडम. आणि दरवर्षी माणूस येऊन आवाज किती मोठा येतो ते तपासून जातो. यंदाही येऊन गेला.”

“सकाळी कोणता स्वर ऐकता?”

“मधला. सेकंदाला एक हजार कंपनांचा.”

बाईंनी तो मधला स्वर लावून मला जोडलं. माझा काटा जागचा हलला नाही. प्रणेशने सुटकेचा श्वास टाकला. मग बाईंनी खालचा स्वर लावला. अशा यंत्रात भेसळ शेकडा दोन-तीनच्या पुढे चालत नाही. माझा काटा तीन ओलांडून गेला, दहा ओलांडून गेला, आणि वीसच्या पलीकडे जाऊन थरथरत राहिला.

यंत्रातला एक कपॅसिटर वयाने गळका झाला होता. त्यामुळे खालच्या स्वरांना आतला ट्रान्सफॉर्मर दमायचा आणि भेसळ ओकायचा. आवाज किती मोठा, ते दरवर्षी मोजलं जात होतं. तो आवाज कशाचा आहे, ते कुणी मोजलं नव्हतं.

प्रणेशने हेडफोन कानाला लावला. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, “हा स्वर मला नेहमीच थोडा खरखरीत वाटायचा. मला वाटलं, तो असाच असतो.” मग तो खुर्चीत बसला. “मॅडम, या यंत्रावर मी किती मुलं तपासली असतील...”

बाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

संध्याकाळी प्रणेश स्वतः लष्कर मोहल्ल्यात गेला. दुकानात उभा राहून त्याने रंगरावांना सांगितलं की केंद्रातलं यंत्र चुकलं, मुलगी चुकली नाही. नंतर कावेरी सांगत होती, रंगरावांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी खाली ठेवली, आणि मग काय करायचं ते त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी ती पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशीची बस सुप्रीताशिवाय गेली.

मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या यंत्रावर तपासणी झाली. जाड आवाजांच्या बाबतीत सुप्रीताचे कान खूपच कमी काम करत होते. डॉक्टर म्हणाल्या, यावर औषध नाही. कानातलं मशीन थोडी मदत करेल, पण अशा कानांना ते सहज मानवत नाही. आणि हे कदाचित वाढत जाईल, म्हणून लक्ष ठेवा. वर्षभरापूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. वर्षभरापूर्वीच तर ती प्रणेशच्या केंद्रात बसून हात वर करत होती.

मशीन आलं तेव्हा तिघं पुन्हा बाईंकडे आले. कावेरीने ते चिमुकलं मशीन रुमालातून काढून टेबलावर ठेवलं. “अक्का, आधी हे मोजून द्या. आता कुठल्याच यंत्राचं खरं वाटत नाही मला.”

बाईंनी छोटा माइक जोडला. मी मोजलं. मशीन चांगलं होतं. बाईंनी ते सुप्रीताच्या कानात बसवलं, हळूहळू आवाज जुळवला. पंख्याचा घुमणारा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला असावा. ती वर बघत राहिली.

रंगराव तिच्या मागे उभे होते. ते हळूच, अगदी जपून म्हणाले, “सुप्रीता.”

पोरगी दचकून आईच्या कुशीत शिरली. “अव्वा, कोण आहे?”

“अगं, अप्पा आहेत.”

“नाही! अप्पाचा आवाज असा नाही. अप्पाचा आवाज बारीक असतो. फुस्स फुस्स असा. हा कुणाचा तरी आहे.” आणि तिने मशीन ओढून काढलं.

रंगराव भिंतीला टेकले. ज्या आवाजासाठी माणसं गल्लीच्या टोकाला थांबत, त्या आवाजाला त्यांची लेक घाबरली होती. त्यांनी विचारलं, “बाई, मग इतकी वर्षं हिला माझं काय ऐकू येत होतं?”

बाई म्हणाल्या, “तुमच्या आवाजातलं वरवरचं. श्वास, स-श असली अक्षरं, एवढंच. मूळ आवाज नाही.”

“मी हिला अभंग म्हणून झोपवायचो.” रंगराव म्हणाले. कावेरी डोळे पुसत मशीन रुमालात बांधू लागली.

तेव्हा रंगराव पुढे आले आणि मुलीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी तिचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि तिचं नाव घेतलं. गळा थरथरला. सुप्रीताने हात मागे घेतला नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, मग गळ्याकडे. तिसऱ्यांदा तिने स्वतःच रुमालाकडे बोट दाखवलं. मशीन पुन्हा कानात गेलं. “हळू बोला हं, अप्पा,” ती म्हणाली. “मला भीती वाटते.”

“हळू बोलतो,” रंगराव म्हणाले. “तू हूं म्हटलीस तरच बोलतो.”

आता ते रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करतात आणि तिच्याजवळ बसतात. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस ती मशीन घालतच नाही, डोकं दुखतं म्हणते. रस्त्यावर तिचा हात कुणाला तरी धरावा लागतो. ती अजून थोडी लंगडते. रंगराव देवळात गायला उभे राहतात, पण मध्येच थांबून ती पुढे बसली आहे ना, ते बघतात.

मला आता माळ्यावर ठेवत नाहीत. बाई आणि कृष्णमूर्ती मला रिक्षात घालून गावातल्या लहानसहान केंद्रांत नेतात. निघण्याआधी ते मला शुद्ध स्वर देऊन तपासतात. तपासलं नाही, तर मीही खोटं बोलू लागेन, मित्रांनो, आणि मला ते कळणारही नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातलं, शाळेतलं, दवाखान्यातलं कुठलंही यंत्र काही सांगत असेल, तर त्याला कुणी तपासलं आहे का, ते विचारा. विचारणं म्हणजे अपमान नव्हे. आणि तुमच्या वर्गात हाक मारल्यावर न बघणारा कुणी असेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहा.

प्रणेशने त्या यंत्रावर तपासलेल्या मुलांना परत बोलावायला सुरुवात केली आहे. पुष्कळ जण आले, आणि त्यातल्या बहुतेकांचे कान चांगले निघाले. पण काहींचे नंबर बदलले आहेत, काही कुटुंबं घर सोडून गेली आहेत, काही जण ‘एकदा तपासलंय की’ म्हणून फोन ठेवतात. त्यांतल्या एखाद्या घरात आत्ता, मी हे सांगत असताना, कुणीतरी मोठ्याने हाक मारत असेल, मूल मागे वळून बघत नसेल, आणि हाक मारणारा माणूस चिडत असेल.